ताई, स्पेशलायझेशन काय घेऊ?

अगं, तुझा मेसेज ऐकला तेव्हा वॉर्डात होते, म्हणून नुसतं 'रात्री बोलू' असं टाकलं. पण फोनवर तू 'हो ताई, हो ताई' म्हणत राहतेस आणि नंतर तुझ्या काही लक्षात राहत नाही. म्हणून हे लिहूनच पाठवते. सोमवारी फॉर्म द्यायचाय, वर्गातल्या निम्म्या पोरींनी एचआर ठरवलंय, घरी बाबा विचारतात की एमएसडब्ल्यू करून माणूस पुढे होतो कोण, आणि तुझं मात्र काही ठरत नाही. असंच ना?

आधी बाबांचं. त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांनी विचारलंय ते आपल्या क्षेत्रातल्या जुन्या खोडांनाही धड सांगता येत नाही. 'समाजासाठी काम करते' म्हटलं की समोरचा कौतुकाने मान हलवतो, आणि पगाराचा विषय निघाला की त्याच कौतुकाने हात आखडता घेतो. मन चांगलं असणं ही आपली पात्रता नाही गं. चांगल्या मनाची माणसं तुझ्या गल्लीतही सापडतील. त्यांना जे जमणार नाही आणि दोन वर्षांनी तुला जमेल, ते नेमकं काय, हे तुला साध्या मराठीत सांगता आलं पाहिजे. वकिलाला बार कौन्सिल आहे, नर्सला नर्सिंग कौन्सिल आहे. आपल्या अख्ख्या व्यवसायाची अशी परिषद देशात नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोरुग्ण क्षेत्रातले समाजकार्यकर्ते यादीत आले, पण बाकीच्यांचं काय? गळ्यात उपरणं घातलेला कुणीही स्वतःला समाजसेवक म्हणवतो आणि त्याला कुणी अडवत नाही. म्हणून आपली ओळख आपल्याच कामातून पटवावी लागते. स्पेशलायझेशन, फिल्डवर्क, पहिली नोकरी, सगळं या एका कसोटीवर लावून बघ.

आता एचआर. त्याला नाकं मुरडणारे शिक्षक तुला भेटतील, 'हे खरं समाजकार्य नव्हे' म्हणणारे. त्यांचं फार मनावर घेऊ नकोस. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं, आणि आपल्या लोकांसाठी कारखान्याचं फाटक उघडलं. नव्या कामगार संहितेत तो आकडा २५० वर आलाय. म्हणजे ही वाट कायद्याने घातलेली आहे, कुणाच्या मेहेरबानीची नाही. पण चाकण, रांजणगाव, वाळूजच्या प्लांटमधला दिवस कसा जातो तेही ऐक. हजेरी, कंत्राटदारांची बिलं, कॅन्टीनच्या तक्रारी, शिफ्टच्या बस, पीएफ. शेजारच्या टेबलावर एमबीए झालेला मुलगा बसलेला असतो आणि एक्सेलवर त्याचा हात तुझ्यापेक्षा भरभर चालतो. तिथे तुझं वेगळेपण कुठे दिसेल? प्रेस मशीनमध्ये कुणाची बोटं गेली, त्याची बायको गेटवर येऊन उभी राहिली, तेव्हा. ईएसआयचे कागद कुठे अडतात, अपंगत्वाचं प्रमाणपत्र कोण देतं, तो माणूस कामावर परतल्यावर त्याला कुठे बसवायचं, हे तुला माहीत असेल आणि सुपरवायझरशी भांडून ते करून घेता येत असेल, तर खुशाल एचआर घे. 'तिथे नोकरी आहे' एवढ्याच धाकाने घेणार असशील तर थांब. धाकाने घेतलेल्या विषयात माणूस पहिल्या वर्षातच कंटाळतो, हे मी माझ्या बॅचमध्ये बघितलंय.

मेडिकल अँड सायकियाट्रिक तुला आवडेल असं तू म्हणतेस, कारण तुला पेशंटशी बोलायला आवडतं. बोलायला मलाही आवडतं. पण रुग्णालयातल्या समाजकार्याच्या माझ्या दिवसात बोलण्याइतकेच कागद असतात. समज, परभणीकडची एक बाई नवऱ्याला घेऊन आली. रेशनकार्डावर त्याचं नाव शेषेराव, आधारवर शेषराव. एका मात्रेपायी महात्मा फुले आरोग्य योजनेतलं काम अडतं आणि ऑपरेशन पुढे जातं. मग आरोग्यमित्राशी बोला, गावाकडच्या पुतण्याला फोन लावून आणखी कुठला पुरावा निघतो का बघा, तोवर डॉक्टरांना सांगा की तारीख सोडू नका. योजनेच्या यादीत तो उपचार बसतच नसेल तर पुढचं दार शोधा. धर्मादाय रुग्णालय असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. आपल्याकडच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना घालून दिली, त्यातली ही तरतूद आहे. बिलांतले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा व्हायला हवेत, हेही त्यातच आहे. हे माहीत नसलेली एखादी मायाळू बाई त्या परभणीच्या बाईला जवळ घेऊन रडेल. आपल्याला तेवढ्यावर थांबता येत नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागेल, तो आणायला कोण जाईल, तोवर ही झोपेल कुठे, हे आपल्याला विचारावं लागतं. आणि हे विचारताना तिने सकाळपासून काही खाल्लेलं नाही, हेही आपल्याच लक्षात यायला लागतं. कागद आणि माणूस एकाच वेळी डोळ्यांसमोर राहणं, यात आपली सगळी विद्या आहे. यातल्या एकाकडेच बघणारे पुष्कळ असतात.

त्यापुढे अवघड प्रसंग असतात. घरच्यांनी आणून सोडलेला आणि आता न्यायला कुणी न येणारा म्हातारा. रुग्ण मेंदूमृत झाल्यावर अवयवदानाबद्दल नातेवाइकांशी बोलायचं असतं, आणि ते त्यांच्या गतीने बोलायचं असतं, आयसीयूच्या घड्याळाच्या गतीने नाही. पहिले काही महिने तुला रात्री जेवण जायचं नाही. ते जातं पुढे. जात नसेल तर ते सांगायची जागा शोध, घरात कुढत बसू नकोस. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, हे तू परीक्षेसाठी पाठ केलं असशीलच. आज सरकारी रुग्णालयांत या पदाला समाजसेवा अधीक्षक म्हणतात. जाहिराती रोज निघत नाहीत, पण निघतात. त्या बघत राहा.

यात 'सायकियाट्रिक' हा जो अर्धा भाग आहे त्याबद्दल तुला तुझ्या कॉलेजात कुणी स्पष्ट सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सायकियाट्रिक सोशल वर्कर कुणाला म्हणायचं हे लिहून ठेवलंय. एमएसडब्ल्यू, आणि त्यावर दोन वर्षांचा पूर्णवेळ, देखरेखीखालच्या प्रशिक्षणाचा एमफिल. बंगळुरूचं निमहान्स, रांचीची सीआयपी, तेजपूरची संस्था अशा ठिकाणी तो शिकवत आले आहेत. नुसत्या एमएसडब्ल्यूवर समुपदेशनाची कामं मिळतात, व्यसनमुक्ती केंद्रात मिळतात, आणि ती कामं मोठी आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चाललंय, तिथे जाऊन दोन दिवस बसलीस तरी तुला कळेल. पण कायद्यातलं ते पद हवं असेल तर पुढचा अभ्यास चुकत नाही. आणि त्यातही गोम आहे. नव्या शैक्षणिक धोरणात एमफिल बंद झालं. यूजीसीने या एका विषयाला आणि क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत सवलत दिली होती. तेव्हा तू अर्ज करशील त्या वर्षी नियम काय आहे, हे संस्थेच्या माहितीपत्रकात स्वतः वाच. सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नकोस, माझ्याही नाही.

फॅमिली अँड चाइल्ड वेल्फेअर, कम्युनिटी डेव्हलपमेंट, क्रिमिनॉलॉजी, यांना वर्गात 'नोकरी नसलेले विषय' म्हणतात ना? मला ते ऐकलं की राग येतो. १०९८ हा मुलांसाठीचा फोन नंबर आज सगळ्या देशाला माहीत आहे. तो १९९६ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा एक क्षेत्रीय प्रकल्प म्हणून सुरू झाला. महिला आणि बालकांसाठीचा विशेष कक्ष १९८४ मध्ये त्याच संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारात सुरू केला. पोलीस ठाण्यात आलेल्या बाईशी पोलिसाआधी कुणीतरी दुसऱ्याने बसून बोलायला हवं, एवढीच त्यामागची गोष्ट. आज जिल्ह्याजिल्ह्यांत असे कक्ष आहेत. तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांसाठी काम करणारा 'प्रयास' प्रकल्प १९९० चा. म्हणजे बघ, या पोस्टी सरकारने आधी काढल्या आणि मग आपण अर्ज केला असं झालेलं नाही. आपल्या लोकांनी काम करून दाखवलं, कागदावर मांडलं, आणि पोस्ट मागाहून निघाली. पुढे कायद्यांनीही जागा केली. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात संरक्षण अधिकारी आला. बाल न्याय कायद्यात जिल्ह्यातलं बाल संरक्षण युनिट आहे, बाल कल्याण समितीत अध्यक्षांसोबत चार सदस्य असतात, बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्याच्या शेजारी दोन समाजकार्यकर्ते बसतात. त्या मंडळावर जायला मुलांच्या क्षेत्रात निदान सात वर्षं काम हवं, तेव्हा उद्या नाही, पण कधीतरी तिथे बसायचं हे आजच मनात धरून ठेवायला काय हरकत आहे?

माझं विचारशील तर, स्पेशलायझेशनचं नाव नोकरीच्या पहिल्या मुलाखतीपर्यंत चालतं. त्यानंतर कुणी विचारत नाही. विचारतात ते फिल्डवर्क कुठे केलं आणि काय केलं. म्हणून फॉर्मपेक्षा जास्त डोकं तिथे लाव.

तू आठवड्यातले दोन दिवस फिल्डवर्कला जातेस आणि त्याला 'सुट्टीचे दिवस' म्हणतेस, हे मला तुझ्या रूममेटकडून कळलंय. असू दे. पण हे लक्षात घे, की आपल्या शिक्षणाची सुरुवातच वर्गात झाली नाही. १९३६ मध्ये मुंबईत जी पहिली समाजकार्याची शाळा निघाली, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल, ती नागपाड्याच्या वस्तीतल्या नेबरहूड हाउसमधून वाढली. क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने ते केंद्र चालवलं होतं आणि तोच शाळेचा पहिला संचालक झाला. वस्ती आधी, वर्ग नंतर. आपल्या विषयाची वीणच तशी आहे.

रेकॉर्डिंगचं बोलू. सीनियरच्या फायली उतरवून काढायच्या ही जुनी परंपरा, आणि आता मोबाइलला सांगितलं की तोही पानभर लिहून देतो. वाचलं की लगेच कळतं बरं का. 'कुटुंब अत्यंत गरीब व अशिक्षित असून पालकांना शिक्षणाचे महत्त्व पटवून देण्यात आले.' हे वाक्य मी इतक्या फायलींत वाचलंय की मला ते झोपेत म्हणता येईल. यात ते कुटुंब कुठे आहे? त्याऐवजी असं लिही: 'आई म्हणाली, ही शाळेत गेली तर धाकट्याला कोण बघणार? धाकटा दीड वर्षाचा आहे. अंगणवाडी मोठा रस्ता ओलांडून पलीकडे आहे.' झालं. आता पुढचं काम आपोआप समोर आलं. तुला शिक्षणाचं महत्त्व पटवायचं नाहीये, अंगणवाडीचा प्रश्न सोडवायचाय. उद्या तू परिविक्षा अधिकारी झालीस किंवा बालकाचा सामाजिक तपासणी अहवाल लिहायला बसलीस, तर तुझ्या त्या चार ओळींवर एक पोरगं घरी जाईल की संस्थेत, हे ठरायला मदत होणार आहे. तेव्हा हात आत्ताच बसव. जे ऐकलं ते वेगळं, जे पाहिलं ते वेगळं, आणि तुला जे वाटलं ते शेवटी, वेगळ्या परिच्छेदात. आणि आपली एक वही ठेव, खरी नावं-गावं गाळून. मुलाखतीत 'तुम्ही काय केलंत' विचारलं की त्या वहीतली एक केस सांगायची. बाकीचे 'खूप शिकायला मिळालं' म्हणत असतात, तेव्हा तुझ्याकडे सांगायला काहीतरी असेल.

आय.सी.ला, म्हणजे फिल्डवर्कच्या शिक्षकांबरोबरच्या वैयक्तिक चर्चेला, गप्प बसू नकोस. आठवड्याला तुझ्या एकटीसाठी एक शिक्षक वेळ काढून बसतो, असं दुसऱ्या कुठल्या कोर्सला आहे? मॅडम रागावतील म्हणून सगळं छान चाललंय असं सांगणाऱ्या मुली मी पाहिल्यात. त्या आय.सी.चा उपयोग शून्य. वस्तीत कुणी तुझ्याशी बोलायला तयार नाही, एजन्सीतले सर नुसते फोटो काढायला आणि रजिस्टर भरायला लावतात, एका घरातून बाहेर पडताना रडू आलं, हे सगळं तिथे सांगायचं. एजन्सी खरंच काही शिकवत नसेल तर बदलून माग. पण तक्रार करताना 'बोअर होतं' म्हणू नकोस. इतके आठवडे गेले, हे काम दिलं, हे मागितलं, हे मिळालं नाही, असं लिहून दे.

आणि सुरक्षिततेचं. हे मी तुझ्या आईला सांगत नाही, तुला सांगते. गृहभेटीला पहिल्यांदा एकटी जायचं नाही. कुठे चाललीस ते कुणालातरी मेसेज करून जायचं. घरात एकटा पुरुष असेल तर उंबऱ्याबाहेर उभं राहून बोलायचं, त्यात कुणाचा अपमान होत नाही. एजन्सीतला कुणी साहेब रात्री अपरात्री मेसेज करायला लागला, गाडीतून सोडतो म्हणून मागे लागला, तर 'फिल्डवर्कचे मार्क जातील' या भीतीने गिळू नकोस. यूजीसीचे २०१५ चे लैंगिक छळाविरुद्धचे नियम विद्यार्थिनींनाही लागू आहेत, आणि त्यात कॅम्पस म्हणजे फक्त कॉलेजची भिंत नव्हे. फिल्ड ट्रिप, इंटर्नशिप, अभ्यास दौरा, शिबिराची जागा, हे सगळं त्यात धरलंय. तक्रार कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे करता येते. समितीतल्या बाईंचं नाव आणि नंबर आत्ताच, काही झालेलं नसताना, फोनमध्ये घालून ठेव.

पैशांकडे येऊ, कारण तू विचारलं नाहीस तरी तुला तेच विचारायचंय.

पहिला पगार बघून तू खट्टू होशील. तुझ्याबरोबर बारावीला असलेला, इंजिनिअर झालेला चुलतभाऊ दिवाळीला मुद्दाम विचारेल. संस्थांत पगार कमी का असतो हे समजून घे, म्हणजे निदान स्वतःला दोष देणार नाहीस. बहुतेक संस्था प्रकल्पांच्या पैशांवर चालतात. प्रकल्प संपला की पदही संपतं. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली, त्यात प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि एका संस्थेने दुसरीला तो निधी पुढे देणं बंद झालं. मोठ्या संस्थांकडून पैसे घेऊन तालुक्यात काम करणाऱ्या लहान संस्थांची त्याने कंबर मोडली. दुसऱ्या बाजूने कंपन्यांचा पैसा आला. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. तिथे पगार बरे असतात. पण कंपनीला वर्षाअखेर आकडे हवे असतात, किती शौचालयं, किती लाभार्थी, आणि बाईच्या मनातली भीती कमी झाली हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. तू ती कंपनी आणि ती बाई यांच्या मधे उभी राहणार. सोपं नाही, पण त्यातूनही चांगलं काम उभं करणारी माणसं आहेत.

म्हणून मुलाखतीत तूही प्रश्न विचार. ही पोस्ट कुठल्या प्रकल्पावर आहे? निधी कोण देतं आणि कधीपर्यंतचा आहे? पीएफ कापता का? फिल्डला जायचा प्रवासखर्च वेगळा देता का, की पगारातूनच? मोटारसायकल चालवणं बंधनकारक आहे का? हे विचारल्याने तू पैशाची लोभी ठरत नाहीस. 'आमच्याकडे सगळे समर्पणभावनेने काम करतात' असं उत्तर आलं तर चहा पिऊन नमस्कार करून निघ. समर्पण वगैरे माझं मी बघते, तुम्ही नेमणूकपत्र द्या. पहिल्या नोकरीत मात्र पगारापेक्षा एक गोष्ट जास्त बघ: तुला रोज शिकवणारं, तुझं लिहिलेलं वाचून परत पाठवणारं माणूस तिथे आहे का. असेल तर दोन हजार कमी घेऊनही जा. नसेल तर दोन हजार जास्त मिळूनही ती नोकरी तुला परवडणार नाही.

एमपीएससी आणि इतर भरती परीक्षांचं. बाल विकास प्रकल्प अधिकारी, समाज कल्याणमधली पदं, महापालिकांतले समाज विकास अधिकारी, या आपल्याला साजेशा जागा आहेत आणि त्यासाठी अभ्यास करायला माझी ना नाही. फक्त पुण्यात अभ्यासिकेत खुर्ची पकडून तीन-चार वर्षं बसायचं, आणि तोवर फिल्डवर्कमध्ये शिकलेलं सगळं विसरायचं, हे मला पटत नाही. नोकरी धरून अभ्यास कर. नाहीतर स्वतःला एक तारीख दे आणि बाबांना ती आधीच सांगून ठेव.

शिकवायची आवड असेल तर नेट किंवा सेट. पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. जेआरएफसाठी वयाची अट ३० आहे पण मुलींना ५ वर्षांची सवलत मिळते. म्हणजे तुला घाई नाही. माझं ऐकशील तर आधी काही वर्षं कामाचा चिखल तुडव आणि मग वर्गात जा. कधीच केस न हाताळलेला शिक्षक केसवर्क शिकवतो तेव्हा पोरांना ते कळतं. पीएचडीसाठी बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या असतात, आणि सध्याच्या तुझ्या फीसाठी महाडीबीटीचा अर्ज वेळेत कर. जात पडताळणीची पावती, उत्पन्नाचा दाखला, बँकेला आधार जोडलेलं आहे की नाही, हे जूनमध्येच बघ. दुसऱ्यांचे कागद करणारी आपण, आणि आपलाच अर्ज त्रुटीत निघतो.

इंग्रजीची तुला धास्ती आहे, माहितेय मला. निधी देणाऱ्यांना अहवाल बहुतेक वेळा इंग्रजीत लागतो, त्यामुळे ते शिकावं लागेल, रोज थोडं. पण आधी मराठीत नीट लिही. ज्याला मराठीत घटना क्रमाने सांगता येत नाही त्याला ती इंग्रजीतही सांगता येत नाही. त्याच्या जोडीला शासन निर्णय वाचायची सवय लाव. भाषा रुक्ष आहे, पण तीन वेळा वाचलं की अट कुठे दडलीय ते सापडतं, आणि खिडकीपलीकडचा क्लार्क 'असं काही नाही' म्हणाला की तू त्याला कलम दाखवू शकतेस. माहिती अधिकाराचा अर्ज स्वतःच्या हाताने एकदा तरी लिही.

वस्तीत तुला आडनाव विचारतील. कधी पाणी विचारायच्या आधी विचारतील. तुला त्याचा त्रास होतो असं तू मागे म्हणाली होतीस. होणारच. महाराष्ट्रातली कितीतरी समाजकार्य महाविद्यालयं सामाजिक न्याय विभागाच्या अनुदानावर उभी आहेत, आणि तिथे तुझ्यासारख्या, घरातली पहिलीच पदवीपर्यंत पोचलेल्या मुली जास्त दिसतात. ज्या प्रश्नावर काम करायचं तो प्रश्न आपल्याच घरात जगलेल्या. त्याचं बळ असतं, आणि एक धोकाही असतो. समोरची बाई बोलायला लागली की आपल्याला वाटतं, हे मला माहीतच आहे, आणि आपण ऐकायचं थांबतो. तिचं तुझ्या आईसारखं नसेल. तिला पूर्ण बोलू दे.

लग्नाचं घरी निघालंय ते मला काकूंनी सांगितलं. 'झोपडपट्टीत फिरणारी सून' हे शब्द कुणी काढले तेही कळलं. त्यावर मी इथे काही लिहीत नाही, ते मी गावी आले की समोरासमोर बोलू, काकूंसकट.

आता करायचं काय ते सांगते. सोमवारच्या आधी दोन दिवस आहेत. वर्गातल्या मैत्रिणींना विचारू नकोस, तुझ्याइतकंच त्यांनाही माहीत आहे. मागच्या दोन-तीन बॅचमधल्या, सध्या कामावर असलेल्या तिघींना फोन लाव. त्यांना 'तुमचं काम आवडतं का' विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. 'काल दिवसभर काय केलं, सकाळपासून सांगा' असं विचार. ज्या दिवसाचं वर्णन ऐकून तुला दोन प्रश्न विचारावेसे वाटतील, ते स्पेशलायझेशन लिही. कंटाळवाणा भागही ऐकून घे, कारण अर्धं आयुष्य त्या भागात जातं.

आणि ब्लॉक प्लेसमेंटचं आत्तापासून बघ. सगळ्या पोरी शेवटच्या आठवड्यात धावतात आणि कॉलेजजवळच्या संस्थेत जाऊन महिना काढतात. तू लांब जा. जामखेडचा आरोळे दांपत्याचा आरोग्य प्रकल्प आहे, १९७० पासूनचा, गावातल्या बायकांनाच आरोग्याचं काम शिकवणारा. गडचिरोलीत 'सर्च' आहे, अहिल्यानगरला 'स्नेहालय' आहे. घेतात की नाही, जागा आहे की नाही, ते पत्र टाकल्याशिवाय कळणार नाही. पत्रात 'मला समाजसेवेची आवड आहे' असं वाक्य आलं तर मी ते खोडणार आहे, आधीच सांगते. तुझ्या वस्तीतल्या अंगणवाडीच्या कामाबद्दल पाच ओळी लिही, महिन्याभरात तिथे काय शिकायचंय ते दोन ओळीत, राहायची सोय लागेल हे एका ओळीत. मराठीतच लिही. मसुदा रविवारी रात्री दहापर्यंत पाठव, सोमवारी माझी ओपीडी आहे.